न वाजलेल्या बांगड्या

चौऱ्याहत्तर साल असेल. चिंचवडच्या जादूगार मंडळात खुद्द सदाशिव केतकर आले होते, समोरच्याच्या तळहातावर जादू करणारे म्हणून नावाजलेले. कारखान्यातली पहिली शिफ्ट सुटताच मंडळी त्यांच्या टेबलाला खेटून उभी राहिली.

मृदुलाला मंडळाचं सभासद व्हायचं होतं. पण सेक्रेटरी अनंतराव दरवेळी हसून म्हणायचे, “वहिनी, भरल्या हातानं कसली हातचलाखी? बांगड्या वाजल्या की चोरी उघडी.”

केतकरांनी नेमकं तिलाच पुढे बोलावलं. तिच्या मुठीत सुपारी ठेवून ते म्हणाले, “घट्ट धरा. मी फुंकर मारली की नाहीशी होईल.”

मृदुलानं पदर सावरला, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. मग फुंकर मारायच्या आतच तिनं मूठ उघडली. हात रिकामा होता.

“अहो बाई, मी अजून काहीच केलं नाही,” केतकर चक्रावून म्हणाले.

तिनं दुसरी मूठ उघडून सुपारी दाखवली. केतकर खदखदून हसले. “एक बांगडी वाजली नाही. अनंतराव, या तुमच्या सभासद ना?”

“म्हणजे काय, आमच्याच की,” अनंतराव पुटपुटले.

“मग भावजी, पावती आत्ताच फाडा,” मृदुला म्हणाली.