मुंग्यांची रांग

कादर न्हाणीमागं उकिडवा बसून मुंग्या बघत होता. तो जिथं लघवीला बसायचा, बराबर तिथंच काळी रांग लागली होती. साखरेच्या बिमारीवर इन्सुलिनची सुई सुरू झाल्यापासून महिनाभर त्या फिरकल्या नव्हत्या. नवी बाटली आली अन् आठ दिवसांत पुन्हा हजर. तळपायाची जखमही पुन्हा ओली झाली होती.

दवाखान्यातल्या पुनमचंदानं बाटलीत पाणी घातलं. दुसरं काय असणार?

कादरसारख्या कल्हईवाल्याला भेसळ शिकवावी लागत नाही. कथलात शिसं घालून भांडी चमकवणारे त्यानं बाळापूरच्या बाजारात ढिगानं पाहिले होते. बाटली खिशात घालून तो लंगडत दवाखान्यात गेला. कंपाउंडर पुनमचंद पुड्या बांधत होता.

"ह्यात पाणी किती, तेवढं सांग. भांडायला न्हाई आलो."

"मग काहून आला, कादरभाई? आरती ओवाळायला?" पुनमचंदानं बाटली उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते. "नेली तवा तूच धा बार उजेडात धरली व्हती. कशी व्हती?"

"काचेवानी साफ."

"ठिवतो कुठं?"

"माठाखाली, वल्ल्या वाळूत. तू सांगितलं तसं."

"अन् सुई?"

"बीबी उकळते. रोज."

पुनमचंदाचा हात थांबला. "नुसती सुईच ना?"

कादरला चुलीवरची डेगची आठवली. रोज सकाळी सुईच्या किणकिणीबरोबर आत काहीतरी जड टकटकायचं. पहिल्या बाटलीची सुई पुनमचंदच घरी येऊन टोचायचा. ह्या बाटलीची बायको, अमिनाबी, टोचत होती. सगळं उकळून घ्या, असं त्यानं तिला सांगितलं होतं. तिनं सगळंच उकळलं, बाटलीसकट.

"दुसरी दे."

"लढाईपायी माल येऊन न्हाई राहिला. पंधरा दिस तरी. तवर गूळ बंद, अन् पाय जप." पायाकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

अमिनाबी दारातच उभी होती. "क्या बोल्या उनो? पानी मिलाया था ना?"

"नै. मैं एक दिन भट्टी के पास भूल गया था. गरमी लगी उसकू."

"कित्ते बार बोली तुमकू! मैं इत्ता संभालके करती, अन् तुम..." ती बराच वेळ बोलत राहिली. कादरनं सगळं ऐकून घेतलं.

"नवी आयी तो मेरे पासिच रहेगी. तू सुई उबाल, बस."

सांजंला ती न्हाणीकडं निघायच्या आत त्यानं भट्टीतली राख सुपात घेतली अन् रांगेवर पसरली. थोड्या वेळानं राखेतून एक मुंगी वर आली. त्यानं आणखी एक मूठ टाकली.