ओढ हरवलेला चुंबक

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटावर सुट्ट्यांचा कागद धरून बसलेला, कडा उडालेला जुना चुंबक म्हणजे मीच. आता माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. एकेकाळी मात्र माझ्यावाचून इथलं काम अडायचं.

इथे जैवसंवेदक चिप बनते. नखाएवढ्या काचेवर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात. त्यांवर पाण्याचा एक थेंब सोडतात. त्यात लोहाचा अंश असलेले सूक्ष्म मणी असतात आणि प्रत्येक मण्यावर रोगाची खूण पकडणारा लेप असतो. चिमट्याने ते कोण बसवणार? मी काचेखाली असलो की मणी आपणहून खळग्यांत जाऊन बसत. मग रक्ताच्या एका थेंबावरून जंतुसंसर्ग कळे.

चिप बनवणारी ताई मला रोज पुसायची. "काय चुंबकराव, जोर आहे ना?" असं विचारून मला टाचण्या उचलायला लावायची आणि मगच कामाला बसायची.

एके सकाळी तिची छोटी भाची तापाने फणफणून शेजारच्या दवाखान्यात आली. तयार चिप एकही नव्हती. ताईने ट्रे घाईघाईने धुतला आणि वाळवायला भट्टीत सरकवला. मी त्याच्या तळाशी चिकटलेलाच होतो. त्या उष्णतेने माझं बरंचसं बळ गेलं, मित्रांनो; कागद धरण्यापुरतंच उरलं. दिसायला मी होतो तस्साच.

"अगं, पोर डोळे उघडत नाही! तुझं अजून काय चाललंय?" दारातून तिचा भाऊ ओरडला.

"झालंच रे दादा. ही घे, पळ!"

त्या दिवशी टाचण्या राहिल्या आणि सूक्ष्मदर्शकातून बघणंही राहिलं. निम्मे खळगे रिकामेच होते. चिपने रक्त स्वच्छ असल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "थांबून बघू." त्या थांबण्यात संसर्ग मेंदूपर्यंत पोचला.

देवाच्या कृपेने पोरीचा जीव वाचला, पण दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं.

परवा ती इथे आली होती. कपाटावरून मला काढून खेळत बसली. "चिऊ, इकडे ये गं आत्याकडे," ताईने मागून हाक मारली. पोरीने मान वळवली नाही. ताईने पुन्हा हाक मारली आणि मग तोंडाला पदर लावून खुर्चीत बसली.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुमचं काम चालतं, त्याची रोज विचारपूस करा. आपलं माणूस दारात तळमळत असलं, तर त्या दिवशी आधी करा. आम्हाला बोलता येत नाही हो.