मधल्या भोकाचं गाणं

मित्रांनो, तुमच्या करंगळीएवढी असेन मी. एक जुनी, गंजू लागलेली स्प्रिंग. मधे वेटोळी आणि दोन टोकांना दोन आकडे, एवढाच माझा देह. बागेची माती भुसभुशीत करणाऱ्या छोट्या टिलरच्या इंजिनावर माझा जन्म गेला. तिथे वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची एक दांडी असते. माती घट्ट लागली, इंजिन दमलं, की मी ती दांडी ओढून त्याला जोर देते. वेग फार वाढला की दांडी मला मागे खेचते. आमच्या या ओढाताणीतच इंजिनाचा सूर लागतो.

माझे मालक लोकांच्या परसबागा खणून द्यायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मला अडकवायला दांडीवर तीन भोकं होती. लेक विसरू नये म्हणून त्यांनी त्याचं गाणंच रचलं होतं :

वरचं भोक वाऱ्याचं,
खालचं भोक भाऱ्याचं,
मधलं आपल्या घराचं!

"कळलं का, ठमे?"

"कळलं, बाबा. वरचं लावलं तर इंजिन उधळतं."

"आणि खालचं?"

"तुमच्यासारखं जेवून घोरत पडतं!"

ते इतके हसायचे की मी त्यांच्या बोटांतून निसटायचे. मग दोघंही गुडघ्यांवर बसून मला गवतात शोधायची.

किती वाफे खणले आम्ही! "मिस्त्रींचं मशीन गातं," असं लोक म्हणायचे, तेव्हा माझं अंग शहारायचं.

मग ठमी मोठी झाली, दूर राहायला गेली. इकडे मिस्त्री खणलेला वाफा पुन्हा खणू लागले. एकदा उगवलेली रोपंच उलथून आले. लोकांनी बोलावणं सोडलं. मी पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडले.

ठमी आली, ती ठरवूनच. "बाबा, मशीन विकून टाकू. एखाद्या दिवशी पाय जाईल तुमचा."

"अगं, ही स्प्रिंग तुझ्यासमोर काढतो," ते चिडून म्हणाले. "परत लावता नाही आली, तर खुशाल ने मशीन."

त्यांनी मला काढलं. फडक्याने पुसलं. मग बोटं हवेतच थांबली. तीन भोकं त्यांच्याकडे बघत होती, ते तिन्हींकडे बघत होते. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

त्यांनी मला वरच्या भोकात अडकवलं आणि दोरी ओढली.

इंजिन किंचाळलं. नट थरथरले. कुंपणापलीकडून शेजारी ओरडले, "मिस्त्री, बाग खणताय की विमान उडवताय?" कोणी हसलं नाही. ठमीने धावत येऊन बटण बंद केलं. मिस्त्री आपल्याच हातांकडे बघत राहिले, जणू कुणा परक्याचे हात आहेत.

ठमी खाली बसली. गुणगुणत, डोळे पुसत, तिने मला मधल्या भोकात अडकवलं. दोरी ओढली. इंजिन पूर्वीसारखं गाऊ लागलं.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. मान डोलावत त्यांनी ऐकलं.

"वा! हात फार चांगला आहे हो तुमचा, बाई. कुणी शिकवलं तुम्हाला?"

तिने फडक्याला हात पुसले. "माझ्या बाबांनी."

"असं? जाणता माणूस दिसतो. घेऊन या की एकदा त्यांना."

पुढच्या आठवड्यात मशीन गेलं. नेणाऱ्याला ठमीने नवी स्प्रिंग लावून दिली. मला मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, आम्हांला गंजू देऊ नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरात कुणाच्या बोटांना काही येत असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. शिकून घ्या. त्यांच्याबरोबर हसूनही घ्या.

ठमी आता इथेच राहते. रोज संध्याकाळी मिस्त्री मला बाहेर काढतात. माझा एक आकडा ते आपल्या बोटात अडकवतात. दुसरा ठमी आपल्या बोटात घेते. मी दोघांच्या मधे ताणलेली असते. ती गाण्याच्या दोन ओळी म्हणते आणि थांबते.

तिसरी ओळ अजून आलेली नाही.