साठ किलोचा डोंगर

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शपथेवर सांगितलं तरी बसणार नाही, म्हणून शपथही घेत नाही. उगाच एक चांगली शपथ वाया जायची. परवा दुकानात पँट आखूड करून घ्यायला एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, त्याला मी ही हकिगत सांगितली. ते टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसलं होतं आणि त्याची पँट माझ्या मांडीवर होती. ऐकणारा असाच असावा. ज्याची पँट आपल्या हातात असते तो मधेच उठून जात नाही. माझी धाकटी बहीण कोपऱ्यात शर्टांना बटणं लावत होती. ती माझ्या गोष्टी ऐकत नाही, निदान तसं दाखवते.

तर त्याचं झालं असं. माझा भाचा, म्हणजे या बहिणीचाच मुलगा, बॉक्सिंग करायचा. साठ किलोच्या गटात. अंगाने काडी, पण वजन प्रामाणिक. सकाळी साठ, संध्याकाळी साठ, जेवून ढेकर दिला तरी साठ. मागचे दोन सामने तो मार खाऊन आला होता, आणि बहिणीने निक्षून सांगितलं होतं, की आता एकदा जरी हरलास तर हातमोजे खुंटीला टांगायचे आणि मामाच्या दुकानात मशीनवर बसायचं. पोराचा सगळा जीव बॉक्सिंगमध्ये. त्याचं तोंड उतरलं. माझं त्याहून जास्त उतरलं. त्याने एकदा उशीचा अभ्रा शिवला होता, तो चारही बाजूंनी पक्का बंद करून टाकला, उशी बाहेरच राहिली. असा माणूस दुकानात बसला की दुकान बसलंच.

पुढचा सामना ज्याच्याशी ठरला त्याला सगळे डोंगर म्हणायचे. एरवी ऐंशी किलो. रस्त्याने चालला की मागून येणाऱ्याला ऊन लागत नसे. मग ऐंशीचा माणूस साठच्या गटात कसा, असं गिऱ्हाइकाने विचारलं. शहाणं होतं. त्याला मी समजावून सांगितलं, की हे लोक वजन तोडतात. जेवण सोडायचं, पाणी सोडायचं, स्वेटरवर स्वेटर चढवून दोरीच्या उड्या मारायच्या आणि अंगातलं पाणी घामावाटे काढून टाकायचं. वजन होतं सामन्याच्या आदल्या सकाळी. काट्याने साठ दाखवले की माणूस सुटला. मग दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत खा, पी, फूग, कोणी विचारत नाही.

बाकीचे चार-पाच किलो तोडतात. डोंगराने वीस तोडले. शेवटी शेवटी तो लाँड्रीतच राहायला गेला होता. ओल्या चादरी आणि तो एकाच खोलीत वाळत असत, आणि चादरींच्या आधी तो वाळत असे. वजनाच्या सकाळी त्याच्या कोचने त्याला काखेत मारून आणला, गुंडाळलेली चटई आणतात तसा. बॉक्सर मंडळींच्या चड्ड्या मीच शिवायचो, त्यामुळे वजनाच्या खोलीत मला खुर्ची असायची. दारातून वाऱ्याची झुळूक आली तेव्हा दोघांनी त्याला धरून ठेवलं, नाहीतर तो काट्यावरून उडाला असता. साठ किलोचा माणूस झुळकीने कसा उडेल, असं गिऱ्हाईक म्हणालं. मी म्हटलं, पाय वर घ्या, खाली टाचणी पडली आहे.

काट्यावरून उतरला तो सरळ नळावर गेला. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून वाकून विचारलं, की आज पाणी लवकर गेलं का. दुपारपर्यंत डोंगराची सावली परत आली. दुसऱ्या सकाळी बाकीचा आला.

मी तडक संघटनेच्या चिटणीसांकडे गेलो. म्हटलं, हा काय न्याय झाला? काडीसमोर ओंडका उभा करायचा आणि दोघांवर एकच चिठ्ठी लावायची? चिटणीस सज्जन माणूस. ते म्हणाले, नियमात बसतं. मी म्हटलं, नियमात बसतं खरं, पण रिंगमध्ये ते माझ्या भाच्यावर बसतं. तिथेच डोंगराचा कोच उभा होता. त्याने मधेच तोंड घातलं.

"मास्तर, काट्यावर असतो तोवर तो खेळाडू. काट्यावरून उतरला की माणूस. माणसाला तहान लागते."

मी विचारलं, मग ठोसा कोण मारतो, खेळाडू की माणूस? तर म्हणाला, ते ज्याला लागतो त्याला विचारा.

खरं सांगायचं तर मला फार बोलायला तोंड नव्हतं. माप देताना पोट आत ओढून घेणारी माणसं मी जन्मभर पाहत आलो आहे. छाती पुढे, श्वास वर, चेहरा असा की जन्मल्यापासून हीच कंबर. पट्टी सरकली की सगळं आपल्या जागी परत येतं, आणि मग शिंप्याने कापड चोरलं म्हणून तेच ओरडतात. समोरचं गिऱ्हाईक हे ऐकून थोडं सैल बसलं.

भाच्याला म्हटलं, तू स्वतः तक्रार कर. तो म्हणाला, "जाऊ दे मामा. एवढी तहान सोसून आलाय तो." अशा पोराला काय सांगणार? त्याची आई देवाला नाही, मशीनला तेल घालत होती.

आता मुद्दा येतो चड्डीचा. संघटनेचा असा नियम होता, की ज्या चड्डीवर वजन झालं तिच्यावर शिक्का मारायचा, आणि सामना त्याच शिक्क्याच्या चड्डीत खेळायचा. चड्डी वाळलेल्या डोंगराच्या मापाची. सामन्याच्या दिवशी दुपारी डोंगर ती हातात घेऊन माझ्या दुकानात. म्हणाला, मांडीपर्यंत येते, पुढे जात नाही. शत्रू खरा, पण दुकानाच्या पायरीवर उभा राहिला की तो गिऱ्हाईक. मी चड्डी उलटी केली. आतल्या बाजूला शिवणीत माया सोडलेली होती. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढेमागे सैल करता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. ती सगळी उसवली, काठाला नवी शिवण घ्यायला लागलो, तेवढ्यात मशीनचा पट्टा तुटला. सामन्याला वेळ कमी. मी हाताने कच्चे टाके घातले आणि सांगितलं, जपून खेळ.

पहिल्या फेरीत भाच्याचे पाय जमिनीला लागलेच नाहीत. डोंगर एक ठोसा मारायचा, भाचा हवेत जायचा, आणि खाली येईपर्यंत दुसरा तयार. दुसऱ्या फेरीत डोंगराने जोरात पाय फाकवला आणि डावीकडचे टाके गेले. मग उजवीकडचे. डोंगराने दोन्ही हातांनी चड्डी धरली. शिक्का जागेवर होता, नियमाचा भंग कुठेच नव्हता. पण दोन्ही हात अडकल्यावर मारणार कशाने? पंच वाट पाहत राहिले, लोक वाट पाहत राहिले, आणि भाच्याने त्याच्या नाकाला नुसतं बोट लावल्यासारखं केलं. वीस किलो परत आले होते ते सगळे एकदम खाली आले. भाचा जिंकला. हल्ली परगावी पोरांना बॉक्सिंग शिकवतो.

गिऱ्हाईक टॉवेल घट्ट करत पुढे सरकलं. मग त्याने विचारलं, मास्तर, ऐंशी किलोचा माणूस मावायचा म्हणजे माया सोडली तरी किती होती? मी चार बोटं दाखवली. दोन्ही बाजूंना, म्हटलं.

कोपऱ्यात बहिणीने दाताने दोरा तोडला.

"दादा, सख्ख्या मेव्हण्याच्या पँटला तू अर्धं बोट माया सोडली नाहीस. परक्याच्या पोराला चार बोटं सोडलीस?"

मी म्हटलं, धंद्यात आपपरभाव नसतो.

"नसतो तर," ती म्हणाली, आणि सुई गिऱ्हाइकाकडे रोखली. "अहो, डोंगर म्हणजेच आमचा पोरगा. काडी समोरच्यांची. दादाच्या कच्च्या टाक्यांनी हरला, आणि बरं झालं हरला; पुन्हा त्याला मी लाँड्रीत वाळत पडू दिलं नसतं. आत मशीनवर बसलाय. विश्वास नसेल तर बोलावते, फक्त दारातून यायला त्याला तिरकं व्हावं लागतं, तेवढा वेळ द्या."