वाकण्याच्या मापाचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने गोल टेबल आहे. सध्या माझ्या पाठीवर झेरॉक्सचे एक अवजड यंत्र बसवलेले असते आणि कागदागणिक ते मला गदागदा हलवते. माझा जन्म मात्र यासाठी झाला नव्हता. माझा जन्म भांडणाऱ्या माणसांसाठी झाला होता.

विद्यापीठात त्या वर्षी राजनयाचा पदव्युत्तर विभाग नवा उघडला होता. एका देशाने दुसऱ्या देशाशी कसे बोलावे, त्याचे कसे ऐकून घ्यावे, आणि राग आला तरी दार आपटून कसे निघून जाऊ नये, याचे शिक्षण तिथे मिळणार होते. विभागप्रमुख बाईंनी उभे आयुष्य परदेशांतल्या वकिलातींत काढलेले होते. त्यांनी सुताराला बोलावले, तेव्हा त्याने साहजिकच विचारले, "केवढं करू? किती माणसं जेवणार?"

"जेवायला नको हो, भांडायला हवंय," बाई म्हणाल्या.

"मग चांगलं रुंद करतो. एकमेकांपर्यंत हात पोचायला नकोत."

"हात पोचायला हवेत. पण सहज नकोत."

बाईंनी विद्यापीठाच्या ग्रंथपालांना एका बाजूला उभे केले आणि समोर सुतारालाच. दोघांना हात पुढे करायला सांगितले. ताठ उभे राहिले की बोटे हवेतच राहत. एकटा वाकला तरी मध्ये अंतर उरे. दोघेही थोडे थोडे वाकले की मात्र हात मिळत. "इथंच!" बाई म्हणाल्या, आणि फरशीवर खडूच्या खुणा झाल्या. सुतार खडू कानावर ठेवत हसला. "लोक फुटानं मोजतात, बाई. तुम्ही वाकण्यानं मोजता."

असे माझे माप ठरले. गोल अशासाठी, की माझ्याभोवती मानाची जागा कुठेच असू नये.

त्यानंतर किती तुकड्या माझ्याभोवती बसल्या! मुले जुने तह वाचत, त्यांतल्या कलमांवर वाद घालत. कोणाला आधी बोलू द्यायचे, नकार कोणत्या शब्दांत द्यायचा म्हणजे उद्या पुन्हा बोलता येईल, यावर त्यांची दुपार सरे. घरी त्यांना नातेवाईक विचारत, "राजनय म्हणजे राजकारणच ना? मग निवडणुकीला कधी उभा राहतोस?" ते किस्से इथे येऊन सांगताना मुले पोट धरून हसत आणि माझ्यावर चहा सांडत. बाई रागावून स्वतःच्या रुमालाने मला पुसत. ते पुसणे मला अजून आठवते.

बाईंची एक पद्धत होती. परीक्षेसाठी त्या दोन काल्पनिक देश रचत, एकेका विद्यार्थ्याला एकेका देशाचा राजदूत करत आणि करार घडवायला सांगत. करारावर सह्या झाल्या की मुलांना वाटे, सुटलो. तेव्हा बाई म्हणत, "आता जागा बदला." दोघांनी उठून एकमेकांच्या खुर्चीत बसायचे आणि समोरच्याच्या वतीने, त्याच्या देशातल्या लोकांना उद्देशून बोलायचे: मी तुमच्यासाठी काय घेऊन आलो आहे. याला बाई 'घरचे भाषण' म्हणत.

आता मी तुम्हाला ज्या मुलीची गोष्ट सांगणार आहे, तिला वर्गाने 'तलवार' हे नाव दिले होते. ती औषधनिर्माणाची पदवी घेऊन आली होती. तिच्या वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि शिक्षण संपताच ती आपल्याशेजारी काउंटरमागे उभी राहील, असे त्यांनी धरून ठेवले होते. तिला मात्र राजनय शिकायचा होता. "बरं, एक वर्ष जाऊन ये," एवढे तिने त्यांच्याकडून कसेबसे मिळवले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. ते पहिले वर्ष आता संपत आले होते आणि वडील परत ये म्हणून मागे लागले होते.

वर्ग रिकामा झाला की ती माझ्यावर कोपरे टेकून वडिलांशी फोनवर बोले. तिच्याकडे प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असे. शेवटचे वाक्य तिचे होई आणि फोनही तीच आधी ठेवी. मग जिंकलेली ती मुलगी ओढणीने नाक पुसत बराच वेळ बसून राही.

पहिल्या वर्षाची परीक्षा आली. बाईंनी नदीचा प्रश्न दिला. नदीच्या वरच्या अंगाचा देश तलवारीकडे आणि खालच्या अंगाचा देश एका सावकाश बोलणाऱ्या मुलाकडे. त्याला सगळे 'आस्तेकदम' म्हणत. त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत तलवारीची तीन होत. तिने धरण मिळवले, धरणाचे दरवाजे उघडण्याचा अधिकार मिळवला, आणि कोरड्या महिन्यांत पाणी राखून ठेवण्याची मुभाही मिळवली. वेळ संपत आल्यावर आस्तेकदमने कपाळ पुसले आणि सही केली.

"अरे, पेन तरी तुझंच आहे ना?" मागून कोणीतरी म्हणाले. "का तेही देऊन टाकलंस?" सगळे हसले. तलवारही हसली.

"जागा बदला," बाई म्हणाल्या.

तलवार आस्तेकदमच्या खुर्चीपाशी गेली. तिने दोन्ही तळहात माझ्यावर टेकले आणि सुरुवात केली, "माझ्या देशबांधवांनो, मी तुमच्यासाठी..." आणि ती थांबली. तिने करार पुन्हा चाळला. त्यात या बाजूच्या माणसांना सांगण्यासारखे एकही वाक्य नव्हते, कारण तिने एकही उरू दिले नव्हते. तिच्या तळहातांना घाम सुटलेला मला जाणवत होता.

"बाई, त्यानं मागितलंच नाही," ती शेवटी म्हणाली.

"मागितलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तू त्याचं वाक्य संपू दिलं नाहीस. हा माणूस रिकाम्या हातानं घरी जाईल, लोक त्याला दारातच अडवतील आणि तुझा करार उद्या सकाळी फाटलेला असेल. तू जिंकलीस खरी. पण जिंकून मिळवलंस काय?"

तलवार जेमतेम उत्तीर्ण झाली. गुणांपेक्षा तो प्रश्नच तिला अधिक लागला असावा, कारण निकालानंतरही ती त्या खुर्चीकडे पाहत बसे.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. दुपारची वेळ होती, वर्गात दोघांशिवाय कोणी नव्हते. त्यांच्या हातात कापडाच्या दोन मोठ्या, रिकाम्या पिशव्या होत्या. तिची पुस्तके भरून न्यायला त्यांनी त्या आणल्या होत्या. ते माझ्या एका बाजूला बसले आणि तलवार समोर.

"एक वर्ष म्हणालीस, एक वर्ष झालं," ते म्हणाले. "चल आता."

"एका वर्षात पदवी मिळत नाही, बाबा. हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं."

"मला काय माहीत होतं ते तू मला सांगू नकोस."

"मग दुकानात मदतीला माणूस ठेवा. आई केव्हाची सांगतेय. रोज गुडघे दुखतात म्हणता आणि माणूस ठेवत नाही. म्हणजे अडचण माणसाची नाहीच मुळी. अडचण..."

ते वाक्य पुरे झाले असते, तर नेहमीप्रमाणे ती जिंकली असती. तिचे तळहात माझ्यावर टेकलेले होते, परीक्षेच्या दिवशी टेकले होते तसेच. तिने वाक्य अर्धेच सोडले. मग उठली आणि मला वळसा घालून वडिलांच्या बाजूला गेली.

"आता काय, मागून वार?" वडील म्हणाले.

"जरा उठा ना, बाबा. मला तुमच्या खुर्चीत बसायचंय."

"का? तुझ्या खुर्चीला काय झालं?"

"उठा तर खरं."

ते कुरकुरत उठले, पलीकडे जाऊन बसले आणि तिच्याकडे संशयाने पाहू लागले. तिने ते चष्मा पुसतात तसा आविर्भाव केला, त्यांच्यासारखाच घसा खाकरला आणि समोर दुकानातली गिऱ्हाइके उभी आहेत असे मानून बोलू लागली. "मी पोरीला आणायला गेलो होतो. ती आली नाही. दुकानात माझा एकट्याचा जीव रमत नाही, आणि..." तिने वडिलांकडे पाहिले. "पुढे काय, बाबा? तुम्ही एकटे परत गेलात, तर लोक काय विचारतील?"

वडिलांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "पाटीचं विचारतील."

"कसली पाटी?"

"दुकानाची. नवी रंगवून घेतली. माझ्या नावापुढं 'आणि कन्या' घातलंय. रंगारी म्हणाला, 'सगळे ‘आणि पुत्र’ असं लिहून घेतात, हे मी पहिल्यांदाच लिहितोय.' म्हटलं, लिही. चांगली मोठी अक्षरं काढ. येणारा जाणारा वाचतो आणि विचारतो, कन्या कुठाय?"

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू फोन ठेवायच्या आत सांगायला मिळालं पाहिजे ना!"

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला रडता येत नाही. पण त्या क्षणी माझ्यावर जे दोन थेंब पडले, ते चहाचे नव्हते.

"पाटी खोडू नका," ती म्हणाली. "पदवी मी पुरी करणार, बाबा. ते मी सोडणार नाही. पण दर सुट्टीत काउंटरवर मी असेन. पदवी झाल्यावर पुढचं काय ते आपण समोरासमोर बसून ठरवू. फोनवर नाही."

वडील दुकानदार होते. त्यांनी लगेच होकार दिला नाही. "छोट्या सुट्टीतही?"

"छोट्या सुट्टीतही."

"आणि यापुढं फोन मी आधी ठेवणार."

"बरं. तुम्ही आधी."

"मग हरकत नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा त्यांचा चेहरा उतरला. "पण त्या लोकांना सांगू काय?"

तिने त्यांच्या वतीने पुन्हा भाषण सुरू केले. "पोरगी हट्टी आहे, माझं ऐकत नाही..."

"हे नको. हट्टी आहेसच, पण ते गिऱ्हाइकांना कशाला?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, ओठांत काही जुळवले, आणि स्वतःच म्हणाले, "कन्या कामावरच आहे म्हणेन. दुकान जरा लांब आहे, एवढंच."

तिने ओढणीने डोळे पुसले आणि ती हसली.

"मात्र रिकाम्या हातानं मी जाणार नाही," असे म्हणून त्यांनी एक पिशवी माझ्यावरून तिच्याकडे सरकवली. ती तिच्यापर्यंत पोचेना. ते थोडे वाकले. तीही वाकली. माझ्या मधोमध दोघांची बोटे एकमेकांना लागली आणि मला खडूच्या त्या खुणा आठवल्या. तिने पहिल्या वर्षाची सगळी पुस्तके त्या पिशवीत भरून दिली. सुट्टीत काउंटरवर बसून उजळणी करायला ती लागणार होती. दुसरी पिशवी तिने दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांसाठी आपल्याजवळ ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने आस्तेकदमला शोधून काढले आणि कोरड्या महिन्यांचे पाणी परत देऊ केले. त्याने सावकाश मान डोलावली. "गुण वाढणार नाहीत हं," तो म्हणाला. "माहीत आहे," ती म्हणाली. "पण तू आधी वाक्य संपव."

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. तलवारीने पदवी घेतली आणि ठरल्याप्रमाणे बापलेक समोरासमोर बसले. आज ती दूरच्या एका वकिलातीत काम करते. आस्तेकदम याच विभागात शिकवतो. तिच्या वडिलांच्या दुकानी आता मदतनीस आहे, पाटी अजून तशीच आहे, आणि कोणी विचारले की ते तेच उत्तर देतात, असे तो दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. कधीकधी जाता जाता तो मला थोपटतो.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे सभागृह बांधले गेले. तिथे प्रत्येकापुढे ध्वनिक्षेपक आहे आणि टेबल इतके लांबरुंद आहे, की कितीही वाकले तरी हात मिळत नाहीत. मला बाहेर काढले, व्हरांड्यात भिंतीला लावले आणि पाठीवर यंत्र चढवले. माझा एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा दिलेला आहे. मुले माझ्यावर ओले पेले ठेवतात आणि विसरून जातात. त्यांच्यावर माझा राग नाही. मुलेच ती, घाईत असतात.

माझे दुःख निराळे आहे. भिंतीला लावलेल्या टेबलाला पलीकडची बाजू उरत नाही. परवाच झेरॉक्ससाठी थांबलेली दोन मुले माझ्यापाशी कडाडून भांडली. दोघे एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून उभे होते, तरी त्यांतल्या एकालाही दुसऱ्याच्या जागी जाता आले नाही. एक जिंकला. दुसरा आपले कागद न घेताच निघून गेला.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. मला पुसले नाहीत तरी चालेल. पायाखालचा पुठ्ठाही राहू द्या, त्याची मला सवय झाली आहे. हे यंत्र मात्र दुसरीकडे कुठेही ठेवता येईल. त्याला एक भिंत पुरते. मला तेवढे भिंतीपासून थोडे दूर ओढा. फार नको, एक माणूस उठून, वळसा घालून, पलीकडच्या खुर्चीपर्यंत जाऊ शकेल, एवढेच.