कालिरोईच्या शेजारचा कोपरा

होडी बेटाजवळ आली तशी स्ताथिसने नकळत टोपी काढली. एकवीस वर्षे त्याने या खडकावरच्या दीपगृहाचा दिवा सांभाळला होता. आता दिवा आपोआप लागे, आणि निर्मनुष्य झालेले बेट समुद्रपाखरांसाठी राखून ठेवलेले होते. परवानगीशिवाय तिथे कुणाला पाऊल टाकता येत नसे. होडी हाकणारी रिनिओ ही त्या बेटाची राखणदार. साऱ्या गावाप्रमाणे तीही म्हाताऱ्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणे.

"आम्ही इथं होतो तेव्हा महिना महिना पाव यायचा नाही," तो म्हणाला. "पाखरांना मात्र सरकारनं दिमतीला माणूस दिलंय."

"पाखरं तक्रारअर्ज लिहीत नाहीत, बार्बा. तुमचे अजून कचेरीत पडलेत."

तो हसला, पण हात खिशातल्या पिशवीवरच होता. पांढऱ्या सुती कापडाची ती पिशवी त्याच्या बायकोने, कालिरोईने, मरणाआधीच्या हिवाळ्यात शिवली होती. यंदाच्या वसंतात गावच्या रीतीप्रमाणे कालिरोईच्या अस्थी थडग्यातून काढल्या, द्राक्षाच्या मद्याने धुतल्या आणि पेटीत ठेवल्या. पेटीचा एक कोपरा स्ताथिसने मोकळा ठेवायला लावला. त्यांची अकरा दिवसांची मुलगी या बेटावर वारली, तेव्हा वादळाने नऊ दिवस होडी लागू दिली नव्हती. तिला इथेच पुरावे लागले. तिच्या अस्थी या पिशवीतून आईपाशी नेण्याचे वचन त्याने कालिरोईला दिले होते. बुधवारी मुलगा त्याला कायमचे अथेन्सला न्यायला येणार होता, आणि पुन्हा होडीत बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. जे करायचे ते आजच.

दीपगृहाच्या भिंतीखालची, मुलीला पुरलेल्या जागेवरची ती सपाट शिळा त्याने लांबूनच ओळखली. शिळेच्या कडेला मात्र एक बीळ झाले होते, आणि तोंडाशी पांढरी शीट सांडली होती. रिनिओने पालथे पडून कोपरापर्यंत हात आत घातला. उठली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"पिल्लू आहे, बार्बा."

मग ती हळूहळू सांगत गेली. हा पक्षी वर्षाला एकच अंडे घालतो. आईबाप दिवसभर समुद्रावर असतात आणि अंधार पडल्यावर नेमके याच बिळाशी येतात. शिळा हलली तर या उन्हात पिल्लू तगणार नाही. ऑक्टोबरअखेर बीळ रिकामे होईल. स्ताथिसने मान डोलावली. ऑक्टोबर आता त्याचा नव्हता.

तिने बाहीवरची माती झटकली. "मी पलीकडच्या उतारावर जाऊन येते," ती म्हणाली. "अर्धा तास लागेल मला."

ती आपली नोकरी त्याच्या पायाशी ठेवून जात होती, हे त्याला कळले.

त्याने सोबत आणलेली पहार शिळेखाली सरकवली. मग, का कोण जाणे, ती सोडून गुडघे टेकले आणि हात बिळात घातला. काहीतरी उबदार, लवदार बोटांना लागले. पिल्लाने एकदा चोच मारली, आणि मग त्याच्या तळव्याला टेकून ते निमूट बसले. पिल्लाचे काळीज भरभर उडत होते.

मुलीला पुरल्यानंतर कितीतरी दिवस कालिरोईचा पान्हा आटला नव्हता. तिन्हीसांजेला ती याच भिंतीआड येई आणि समुद्राकडे तोंड करून, एक शब्द न बोलता, दूध या दगडांवर पिळून टाकी. त्याच वेळी तो दिवा लावायला वर जाई. दिवा लावायचा असतो याचे त्याला तेव्हा बरे वाटे.

त्याने हात अलगद काढून घेतला.

रिनिओ परतली तेव्हा पहार होडीत होती, अस्थी धुवायला आणलेली मद्याची बाटली न उघडलेली. तिने होडी सोडली. किनारा दूर गेल्यावर तोच म्हणाला, "आई अंधार पडल्यावर येते म्हणालीस ना? रोज?"

"रोज, बार्बा."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अस्थिगृहातल्या पेटीचे झाकण उघडले. काय सांगायचे ते वाटेत जुळवून ठेवले होते. पण "कालिरोई" म्हटल्यावर पुढचे शब्द सापडेनात. त्याने रिकाम्या पिशवीची घडी घालून ती कोपऱ्यात ठेवली. कोपरा तरीही मोकळाच दिसत होता.