करकर थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि फार भित्री आहे. हसू नका. जिच्यावर रोज एक म्हातारा माणूस विश्वासाने बसतो आणि जिचा मागचा पाय खिळखिळा झाला आहे, तिने घाबरू नये तर काय करावे?

सुताराने मला एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचा जुळवून घडवले. मग मी कॉलेजात गेले. तिथे माझ्यावर बसणारे सर समाजशास्त्र शिकवू लागले, तेव्हा तो विषय कुणाच्या गावीही नव्हता. इतर प्राध्यापक त्याला रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणत. पहिल्याच तासाला सर मला टेबलावर चढवत आणि विचारत, खुर्ची नेमकी कशात असते, पायांत की पाठीत? मुले गोंधळली की म्हणत, "सांध्यांत. समाजही तसाच. माणूस गरिबीने वाकतो, पण मोडतो तो एकटा पडल्यावर." त्या उंचीवर माझे पाय लटपटत. पुढे सरांची पुस्तके वाचून दूरदूरच्या कॉलेजांतले प्राध्यापकही हा विषय शिकवू लागले.

सर निवृत्त झाले आणि मीही त्यांच्याबरोबर घरी आले. त्यांची पत्नी वारली, विद्यार्थी संसाराला लागले. सांध्यांचे शास्त्र सांगणारा माणूस वरच्या मजल्यावर एकटाच उरला. सर बसले की मी करकरू लागले. पाय निसटून सर फरशीवर पडले तर कुणाला कळणारही नाही, या विचाराने माझा जीव टांगणीला लागे.

एकदा खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई तणतणत वर आल्या. डोक्यावरच्या करकरीने त्यांना काही सुचत नव्हते. माझा पाय पाहून त्या राग विसरल्या. त्यांनी सुतळीने तो करकचून बांधला, सरांबरोबर चहा घेतला आणि गेल्या. करकर थांबली. ताईंचे येणेही थांबले.

मग एका संध्याकाळी सर कात्री घेऊन आले आणि माझी सुतळी कापू लागले. कशासाठी, ते मला कळले. मी भीतीने गारठले. एवढी पुस्तके लिहिणाऱ्याला ताईंना "वर या" म्हणता येत नव्हते.

तेवढ्यात दार वाजले. ताई धापा टाकत होत्या. "सर, वरून काहीच आवाज नाही. मला वाटले, तुम्ही पडलात की काय."

सरांनी कात्री पाठीमागे लपवली आणि गडबडीत मलाच पुढे सरकवले. ताई टेकणार, तोच मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून करकरले. ताईंनी वाकून अर्धवट कापलेली सुतळी पाहिली, मग सरांचा पाठीमागे लपवलेला हात पाहिला.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "हाक मारा की. हिला कशाला मोडता?"

आता सर जिन्यातून हाक मारतात. मी अजूनही भिते, पण थोडी कमी. मित्रांनो, करकरणाऱ्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. पण ज्या घरातून आवाजच येत नाही, त्याचा जिना आधी चढा.